वलांडीवर वाळलेला रोल

आमच्या घरात देवाच्या फळीशेजारी माझ्या नवऱ्याचा फोटो आहे, आणि त्या फोटोत एका बाईचं कोपर आहे.

येणाऱ्याला पहिलं कोपरच दिसतं. नवरा हसतोय, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, खांद्यावर टॉवेल, गालाला हळद, आणि डाव्या कानाला लागून हे कोपर, बांगड्यांसकट. पाहुणे विचारतात, "आत्या, हे कोण?" मी सांगते, "हे आमचे मालक, विठोबा. कोपर कुणाचं ते त्यांनाच ठाऊक, आणि सांगायला काही ते थांबले नाहीत."

हा फोटो सदानं शोधून दिला. मला सांगायचं आहे ते सदाबद्दल. मी मधेमधे येणार, त्याला इलाज नाही, कारण चूक माझी झाली.

सदा आमच्याच आळीतला, रेवदंड्याचा. बापाची होडी, दोन्ही भाऊ दर्यावर जाणारे. पण सदाला होडी लागायची. कोळ्याच्या पोराला होडी लागणं म्हणजे सुताराच्या पोरानं करवतीला भ्यायचं. खाडीच्या तोंडातून होडी बाहेर पडली की हा आडवा. बापानं तीन वर्षं दम धरला. मग एक दिवस काठाला उतरवून म्हणाला, "सदा, तू मासळी धरायला येतोस का तिला चारा घालायला?"

आळी आठ दिवस हसली. सदा मात्र दुसऱ्याच दिवशी अलिबागला गेला आणि एका फोटोवाल्याकडं झाडू मारायला लागला. झाडू मारता मारता फोटो धुवायला लागला, धुता धुता काढायला. सहा वर्षांनी आला तो गळ्यात जपानी कॅमेरा घेऊन. बाजारात एक खोली घेतली, मागं पडदा लावला. पडद्यावर बर्फाचा डोंगर. त्या बर्फापुढं बसून घाम पुसत पुसत आख्ख्या गावानं फोटो काढले. माझ्या विनेशचा शाळेचा फोटो तिथलाच.

सदा फोटो काढताना "हसा" म्हणायचा नाही. गप्पा मारायचा. म्हशीचं कसं काय, जावई नांदवतो का, तुमचा कोंबडा काल आमच्या घरात होता. माणूस विसरला की खटका दाबायचा. एका माणसाचा एकच फोटो, फार झालं तर दोन. "रोलमधे छत्तीस असतात वैनी," मला सांगायचा, "छत्तीस माणसं बसतात त्यात. एकाच माणसाला सगळी होडी कशी देऊ?"

आणि काढलेल्या फोटोची काळी पट्टी, ती निगेटिव्ह, त्यानं कधी टाकली नाही. बिस्किटांचे पत्र्याचे डबे. डब्यावर कागद चिकटवलेला, त्यावर साल आणि कुणाचं लग्न. चाळीस वर्षांचे डबे. आमच्या गावात माणूस गेलं की पहिला निरोप पाहुण्यांना जातो, दुसरा सदाला. कारण दहाव्याला फोटो लागतो, आणि गरीब माणसानं जिवंतपणी स्वतःचा फोटो कुठला काढलेला? मग सदा डबे उघडून बसायचा. कुणाच्या तरी वरातीत, कुणाच्या तरी बारशात, मागच्या रांगेत तो माणूस असायचाच. तेवढंच तोंड मोठं करून सदा फोटो द्यायचा. अर्ध्या गावाच्या भिंतीवरचे म्हातारे असेच दुसऱ्यांच्या लग्नातून आलेले आहेत. म्हणून सगळे हसरे आहेत आणि बऱ्याच जणांच्या तोंडात लाडू आहे.

आमचे मालक एकोणनव्वद साली दर्यावर गेले ते आले नाहीत. विनेश दहा वर्षांचा होता. घरात एक फोटो नव्हता. "पावसाळा संपला की काढू," म्हणायचे दर वर्षी. सदा चार दिवस खिडकीशी पट्ट्या धरून बसला. पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून हा फोटो घेऊन आला. म्हणाला, "वैनी, कोरलईच्या हळदीतले हायत. एवढेच सापडले. कोपर काढता येत न्हाय, कानाला लागून हाय. कोपर कापलं तर कान जाईल."

मी म्हटलं, "राहू दे रं. कान पायजे."

त्या हळदीला मी गेले नव्हते, विनेशला गोवर निघालेला. सदाला विचारलं तर म्हणाला, मी विठोबाचंच तोंड शोधत होतो, बाकी कोण होतं ते बघितलं न्हाय. त्यामुळे कोपर कुणाचं ते मला कळायला मार्ग नव्हता. आमच्या शेजारची वेणूबाई रोज सकाळी माझ्याकडं चहाला यायची, बरोबर त्या फोटोखाली बसायची आणि वर बघून म्हणायची, "टाक गो कापून ते कोपर. कोण कुठची सटवी." मी म्हणायची, "कान जाईल." पस्तीस वर्षं आमचा चहा असा चालला.

मग मोबाइल आले. सदाची खोली गेली. बर्फाचा डोंगर त्यानं मला दिला, मी सुकट झाकायला घेतला, जाड कापड आहे. आणि खोलीच्या मागोमाग सदाचे डोळेही निघाले. काचबिंदू. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तसं, आणि नळी दर वर्षी बारीक होते. "कॅमेऱ्यातून बघून बघून डोळाच कॅमेरा झाला वैनी," असं हसून सांगतो. बायको आधीच गेलेली. मुलगा पनवेलला, तो म्हणतो, "बाबा, होळी झाली की इकडे या, ते डबे भंगारात द्या."

गेल्या दिवाळीत मी फराळ घेऊन गेले तर सदा डबे पुसत बसलेला. म्हणाला, "पनवेलला जायला माझी ना न्हाय. पण वैनी, आपल्या गावातली गेलेली माणसं इथं हायत. मला आता पट्टीतलं तोंड ओळखू येत न्हाय. हे वाचणारं एक पोर मला होळीच्या आत मिळालं तर बरं. न्हायतर खरंच भंगार हाय हे."

मला लगेच मनाली आठवली. मनाली माझी नात, विनेशची मुलगी. विनेश न्हावा शेव्याला बंदरात कामाला आहे, रविवारी घरी येतो. त्या दिवाळीला त्यानं तिला नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. मनाली अलिबागला कॉलेजात जाते, आणि कॅमेरा आल्यापासून वाटेतलं काही सोडत नव्हती. मांजराचे फोटो, डबक्याचे फोटो, मी भाकरी थापताना फोटो. खटखटखट, दिवाळीला फटाके लागल्यासारखे. तिला घेऊन मी सदाकडं गेले.

"किती काढलेस काल?" सदानं विचारलं.

"चारशे असतील, काका."

"कशाचे?"

"सनसेटचे."

"सूर्य एकच होता ना?"

मनाली हसली, पण जरा ओशाळली. म्हणाली, "काका, खरं सांगा. मित्र म्हणतात शिकायचं तर फिल्मवरच शिक, ते खरं. बाबा म्हणतात येडेपणा आहे तो. मी काय करू?"

मला वाटलं आता सदा आपल्या जुन्या कॅमेऱ्याची आरती ओवाळणार. पण तो म्हणाला, "बाप बरोबर हाय तुझा. शिकायला हाच बरा. मी शिकत होतो तेव्हा आज केलेली चूक चार दिवसांनी दिसायची. तवर ती कशी केली तेच आठवायचं न्हाय. तुला तिथल्या तिथं दिसते. कोळ्यानं इंजिन असताना वल्हं कशाला मारायचं?"

"मग फिल्म नकोच?"

सदानं एक डबा उघडून तिच्या हातात पट्टी दिली. मनालीनं ती उजेडाला धरली आणि "ई!" केलं. मीही डोकावले. सगळी माणसं भुतासारखी. तोंडं काळी, केस पांढरे, नवरीची साडी कुठल्या कुठं.

"हे वाचणारं कुणीतरी मला पायजे," सदा म्हणाला. "आणि हे नुसतं सांगून येत न्हाय. एक रोल स्वतः भरावा लागतो, काढावा लागतो, अंधारात धुवावा लागतो. आपण काय बघितलं होतं ते आठवून ह्या भुतात शोधावं लागतं. मग डोळा बसतो. तू तुझ्या कॅमेऱ्यावर शीक. पण एक रोल माझ्यासाठी मार. छत्तीस. मग माझं काही मागणं न्हाय तुझ्याकडं."

मनालीनं माझ्याकडं बघितलं. मी सदाच्या मोरीकडं बघत बसले. मग ती म्हणाली, "द्या."

त्या दिवसापासून पोर दोन कॅमेरे घेऊन फिरायला लागली. एकानं खटखटखट. आणि दुसरा गळ्यात असला की खाजणातल्या बगळ्यासारखी उभी. संध्याकाळी मी विचारायची, "आज किती?"

"एक."

"कशाचा?"

"सांगणार नाही. आला तर बघ."

कधी कधी चार चार दिवस एकही नाही. मात्र घरी आली की सांगायची, बंदरावर कोण कसं बसतं, जाळं विणताना कुणाची जीभ बाहेर येते. वीस वर्षं त्याच माणसांतून चालत गेलेली पोर, आता तिला ती दिसायला लागली होती. मला बरं वाटायचं, पण मी बोलले नाही. पोरांचं चांगलं चाललं की तोंडानं दृष्ट लावू नये.

वेणूबाईचं वेगळंच. ऐंशी वर्षांची बाई, आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, बाजारात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. पण समोर मोबाइल आला की हात आडवा. तिच्या लेकीच्या, सुचिताच्या फोनात आईचे शंभर फोटो असतील, शंभरात तळहात. एका सकाळी ती चहाला बसलेली, मनालीनं सदाचा जुना कॅमेरा वर केला. मला वाटलं आता हात येणार.

वेणूबाईनं विचारलं, "हा सदाचा ना?"

"हो आजी."

"मग काढ. हा चहाडखोर न्हाय. तुमचा तो मेला मोबाइल इथं काढतो आणि तिथं लगेच सगळ्यांना दाखवतो. बाईमाणसाला पदर सारायला तरी वेळ द्यायला पायजे की न्हाय?" आणि तिनं पदर सारला, कप खाली ठेवला, आणि काय हसली म्हणता! मनालीनं खटका दाबला. एकदाच. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, हा आला ना, तर काकांना पहिला हाच दाखवणार."

आता माझी चूक.

माघातली गोष्ट. मनाली पहाटे शेजाऱ्यांच्या होडीतून साळावच्या बाजूला गेली होती. परत येताना काठाला लाट आली आणि पोर, कॅमेरा, सगळं भिजलं. घरी आली, कपडे बदलले, कॅमेरा ओट्यावर फडक्यावर ठेवला आणि तशीच कॉलेजला पळाली. पाच फोटो उरले होते रोलचे. जाताना म्हणाली, "आजी, हा ओला झालाय गं, लक्ष ठेव."

आमच्यात लक्ष ठेवायचं म्हणजे एकच. ओलं झालं ते वाळवायचं. जाळं, कपडे, बोंबील, मिरच्या, माणूस सुद्धा. मी कॅमेरा उचलला तर आतून पाणी वाजल्यासारखं झालं. सदा मागचं झाकण कसं उघडतो ते मी शंभरदा बघितलेलं. खिट्टी वर ओढली, झाकण उघडलं. आत पट्टी, चिकट, ओली. माझा जीव हळहळला. पोरीची तीन महिन्यांची मेहनत खाऱ्या पाण्यात कुजायची. ओढत ओढत सगळी बाहेर काढली, माझ्या उंचीएवढी भरली. आधी गोड्या पाण्यातून काढली, खार जायला पाहिजे ना. आणि नेऊन वलांडीवर घातली.

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूंचा मांडव. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून आम्ही ते बांबूवर लटकवतो. रोलला तोंड नाही, म्हणून मी त्याला दोन चिमटे लावले. दोन्हीकडं बोंबील, मधे मनालीचा रोल. ऊन कडक होतं. मला फार समाधान वाटलं. मांजर येऊन हुंगून गेलं तर त्यालाही हाकललं.

मनाली दुपारी आली. वलांडीखाली उभी राहिली. मी आतून ओरडले, "वाळलाय बघ, आता काढ!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथंच खाली बसली, बोंबलांच्या पाण्यात, चांगल्या कपड्यांनी. म्हणाली, "आजी, उजेड लागला की सगळं जातं. सगळं. त्यात वेणूआजी होती."

"मग काय झालं? पुन्हा काढ की. वेणूबाई कुठं पळून जातेय?"

"माझा हा कॅमेरा भिजला असता ना," ती म्हणाली, "तर कार्ड काढून पुसलं असतं आणि सगळं परत आलं असतं." तिनं डोळे पुसले. संध्याकाळी सदाचा कॅमेरा पुसून त्याला परत देऊन आली. "काका, सॉरी, मला नाही जमणार," एवढंच सांगून आली. माझं नाव सांगितलं नाही. पोर माझ्यावर गेलेली नाही, मी असते तर आधी नाव सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बोंबलाची चटणी घेऊन सदाकडं गेले आणि कबुली दिली. सदानं कान पुढं केला.

"वलांडीवर?"

"व्हय."

"आधी धुतलास?"

"गोड्या पाण्यानं."

"वैनी, मीठ तरी लावलं न्हाय ना?"

आणि तो जो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी, खोकला, मला पाठ चोळावी लागली. म्हणाला, "चाळीस वर्षांत रोल जळलेला बघितला, उंदरानं खाल्लेला बघितला. सुकवलेला पहिलाच." मग हळूहळू हसू ओसरलं. हातानं चाचपत त्यानं समोरच्या डब्याचं झाकण लावलं. म्हणाला, "तिचं बरोबर हाय. आजच्या पोरीनं का म्हणून वाट बघायची? मुलाला सांगतो, गाडी मोठी आण, डबे भंगारवाल्याकडं टाकतच जाऊ."

मी घरी आले ते चटणीचा डबा तिथंच विसरून.

त्यानंतर अठरा दिवसांनी वेणूबाई गेली. सकाळी चहाला आली नाही म्हणून मी बघायला गेले, तर झोपेतच. कुणाला त्रास नाही, कुणाला शिवी नाही. तिच्यासारख्या बाईला हे शोभलं नाही, पण मरण काही विचारून येत नाही.

चौथ्या दिवशी सुचिता माझ्या ओट्यावर येऊन बसली. फोन दाखवायला लागली. एकेक फोटो सारत होती. तळहात. तळहात. पदर. तळहात. "काकी," म्हणाली, "शंभर फोटो हायत, आणि आय एकात पण न्हाय. दहाव्याला काय हाताला हार घालू?"

पदर सारून हसलेली वेणूबाई मी माझ्या हातानं उन्हात वाळवली होती. मी काही बोलायच्या आत मनालीनं चप्पल घातली. मला म्हणाली, "चल. आणि तू कशाला हात लावायचा नाही."

सदा ओट्यावरच होता. मनाली म्हणाली, "काका, वेणूआजीचा फोटो शोधायचाय."

"मला दिसत न्हाय, पोरी."

"मला दिसतं. तुम्ही सांगा कुठं बघायचं."

सदा एकदम उठला, इतका की भिंतीला धडकला.

तीन दिवस आम्ही तिघं तिथं बसलो. सदा डोळे मिटून सांगायचा, वेणूबाई कुणाकुणाच्या लग्नाला गेली असेल, तिचं कुणाशी भांडण होतं, म्हणजे ते डबे सोडून द्या. मनाली खिडकीशी पट्टी धरायची. मी चहा करायची. पहिल्या दिवशी मनालीला भुतंच दिसली. सदा म्हणाला, "डोळे नको बघू, पट्टीत डोळे फसवतात. दात बघ. काळे दिसतील. हसणारं माणूस दातांवरून आधी सापडतं."

"पण वेणूआजी चाळीस वर्षांपूर्वी कशी दिसायची ते मला कुठं माहीत?"

ते खरंच होतं. सदाला ठाऊक होतं पण दिसत नव्हतं, तिला दिसत होतं पण ठाऊक नव्हतं, आणि मला पट्टीतलं काहीच कळत नव्हतं. डबे संपत आले. तिसऱ्या दिवशी दुपारी मनाली एका पट्टीवर थांबली. डोळा मिटला, उघडला. पट्टी जवळ नेली.

"आजी," ती म्हणाली, "अर्धा दात."

"काय?"

"हा अर्धा दात आहे. आजोबा आहेत हे!"

तेवढं एकच जुनं तोंड तिला जन्मापासून पाठ. भिंतीवरचं. सदा म्हणाला, "डब्यावर काय लिहिलंय?" मनालीनं वाचलं, कोरलई, हळद. सदा म्हणाला, "मग तीच ती. वैनीला दिलेला फोटो ह्यातूनच कापला."

"काका, तुम्ही एवढंसंच कापलं होतं. इथं शेजारी एक बाई आहे. हात वर केलाय, हळद फेकतेय बहुतेक."

मनालीनं खिडकीच्या काचेला पांढरा कागद चिकटवला, त्यावर पट्टी धरायला मला सांगितलं. (कडेनं धर, आजी. कडेनं!) मग बापानं दिलेल्या कॅमेऱ्यानं तिनं त्या पट्टीचा फोटो काढला, मोबाइलमधे घेतला, बोटानं काहीतरी केलं. काळ्याचं पांढरं झालं. भुतं उतरली आणि माणसं वर आली.

मालक हसतायत, अर्धा दात. त्यांच्या कानाला लागून कोपर. कोपराला हात, हाताला खांदा, आणि खांद्यावर, तोंडभर हळद माखलेली, पदर कमरेला खोचलेली, कुणाला तरी शिवी घालत घालत हसणारी वेणूबाई. चाळिशीची. तोंडापुढं हात नाही की पदर नाही.

मी खालीच बसले. पस्तीस वर्षं बाई त्या फोटोखाली बसून माझा चहा प्याली आणि स्वतःच्याच कोपराला सटवी म्हणत राहिली. आपलं कोपर कोण ओळखतं?

"कोण गावलं?" सदा विचारत होता. "अगो बोला कुणीतरी!" मनालीनं त्याच्या हातात मोबाइल दिला, दोन बोटांनी ते तोंड मोठं केलं, आणखी मोठं केलं, सगळ्या काचेभर केलं. सदानं ते आपल्या बारीक नळीसमोर धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाला, "वेणी." आणि मग, "एवढी मोठी मी तिला कधीच बघितली न्हवती." आणि मनालीच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा चुकून कानावर पडला, पण तिनं हलवला नाही.

सुचितानं फोटो बघितला तेव्हा आधी म्हणाली, "काकी, आय शिव्या देतेय ह्यात, दहाव्याला बरं दिसंल?" मग स्वतःच रडत रडत हसायला लागली. "दिसंल. आवाज आला मला." दहाव्याला हार त्या फोटोला घातला. बाजारातल्या सगळ्या बाया येऊन म्हणाल्या, अगदी हीच. भावात घासाघीस करताना अशीच हसायची.

होळी झाली. सदा पनवेलला गेला. गाडी मोठीच आली होती, पण डबे तिच्यात चढले नाहीत. ते आमच्या माळ्यावर आहेत, सुकटीपासून लांब, मनालीनं मधे बर्फाच्या डोंगराचा पडदा लावून घेतलाय. तिचे रोल पुन्हा चालू झालेत, सदाच्याच कॅमेऱ्यात. महिन्यातून एकदा ती पनवेलला जाते आणि सदाच्या मुलाच्या न्हाणीघरात अंधार करून दोघं रोल धुतात. सूनबाई वैतागते म्हणे. बाकीचे दिवस खटखटखट चालूच आहे. रोल भरला की ती तो एका घट्ट डब्यात ठेवते, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात कागद लावलाय. मी तिसरी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचला: आजी, ही मासळी नाही.

परवा मनाली लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. त्यावर आजोबांचा फोटो मोठा करून ठेवलेला. म्हणाली, "आजी, आता कोपर काढता येतं. कान जात नाही. बघ, दोन मिनिटांत साफ करून नवीन फ्रेम देते."

मी बघितलं. सकाळी सवयीनं फडताळातून दोन कप काढले होते, त्यातला एक तसाच पडून होता.

"राहू दे गो," मी म्हटलं. "चहाला कुणीतरी पायजे."